पहिल्या पंगतीचा मान

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त जमलेल्या कुटुंबांसमोर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपण आत्ताच एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवला. अशा प्रसंगी साखरेच्या विकाराविषयी बोलणे काहीसे अरसिकपणाचे वाटेल. परंतु संक्रांतीला सासू-सुना आणि जावा-जावा एका सतरंजीवर बसतात, आणि मला आज जे सांगायचे आहे ते एकट्या सुनेला सांगून भागणारे नाही. म्हणून मुद्दाम हाच प्रसंग निवडला.

सकाळी मला आपल्या गावची चक्राकार बारव दाखवण्यात आली. गोल फिरत खाली गेलेल्या त्या पायऱ्या पाहून मन प्रसन्न झाले. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती गाळातून आणि झाडोऱ्यातून मोकळी केली, याबद्दल आपले अभिनंदन. वाल्मीकी ऋषींशी या गावाचे नाव जोडणारी श्रद्धाही येथे पिढ्यानपिढ्या आहे. गर्भवती सीतामाईला वाल्मीकींच्या आश्रमात आधार मिळाला, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गर्भवतीला आधार देणे म्हणजे नेमके काय, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

‘मी साखर खातच नाही’

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एक सव्वीस वर्षांची भगिनी माझ्याकडे आली. दुसरे बाळंतपण, सहावा महिना. पहिले मूल पोटातच गेलेले आणि त्याचे कारण कोणालाच कळलेले नव्हते. अंगाने ती सडपातळ होती. ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासले, तेव्हा साखर १६२ निघाली. गर्भावस्थेत हा आकडा १४० च्या आत असला पाहिजे. मी तिला ‘गर्भावस्थेतील मधुमेह’ हे शब्द सांगितले आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “डॉक्टर, मी साखर खातच नाही. चहात घालते तेवढीच.”

ती खोटे बोलत नव्हती. मी तिला संपूर्ण दिवसाचा हिशेब विचारला. पहाटे पाचला उठणे, सडा-झाडलोट, पाणी भरणे, स्वयंपाक. सहाला गोड चहा. मग थेट शेतात, कापूस वेचायला. अकरा-साडेअकराला बांधावर तीन भाकरी आणि कोरडे पिठले. चारला पुन्हा गोड चहा. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल. सासरे, पती, दीर, मुले जेवणार, मग सासूबाई, आणि रात्री दहाच्या सुमारास ही शेवटी बसणार. पातेल्यात उरलेला भात, उरलेले वरण आणि एक भाकरी. भाजी बहुधा संपलेली.

या हिशेबात साखरेचा डबा कोठेच नाही. अन्नही फार नाही. पण जे आहे ते दिवसाच्या दोनच घासांत कोंबलेले आहे, आणि मधली सगळी जागा रिकामी आहे. आपल्या कित्येक घरांतील गर्भवतीचा दिवस असाच असतो, म्हणून हा हिशेब मी इतका तपशिलाने सांगितला.

शरीरात काय घडते?

गर्भ रुजला की त्याच्याबरोबर वार वाढू लागते. बाळाला पोसणारा हा अवयव काही संप्रेरकेही निर्माण करतो. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात त्यांच्या प्रभावामुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. यामागे निसर्गाची योजना आहे. मातेच्या रक्तात साखर थोडी अधिक वेळ रेंगाळावी आणि ती बाळाला मिळावी. ही कसर भरून काढण्यासाठी मातेचे स्वादुपिंड नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करते. ज्या मातेचे स्वादुपिंड एवढा भार पेलू शकत नाही, तिच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर जाते.

मातेची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे वाढलेल्या साखरेला तोंड देण्यासाठी बाळाचे कोवळे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवू लागते. त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी साचते, बाळ प्रमाणाबाहेर मोठे होते आणि प्रसूती अवघड होते. जन्मानंतर नाळ तुटते, मातेकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे जादा इन्सुलिन तसेच राहते. मग नवजात बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. साखर दीर्घकाळ अनियंत्रित राहिली तर बाळ पोटात दगावण्याचीही भीती असते.

आता वेळेचा मुद्दा. एकाच वेळी तीन भाकरी आणि भाताचा डोंगर पोटात गेला की तेवढी सगळी साखर एकदम रक्तात येते आणि मंदावलेल्या इन्सुलिनला ती आवरत नाही. तेच अन्न चार ठिकाणी वाटले तर प्रत्येक वेळी थोडीच साखर येते आणि तिचा निचरा होतो. आपल्या बारवेत पाण्यापर्यंत पोहोचायचे तर कोणी काठावरून उडी मारीत नाही, पायरीपायरीने उतरतो. गर्भवतीच्या साखरेची चढ-उतारही अशीच पायरीपायरीने व्हायला हवी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आई जेवो वा न जेवो, बाळ अखंड साखर ओढत असते. म्हणून गर्भवतीला उपासमारीची अवस्था इतरांपेक्षा लवकर गाठते. आपण बारा तास उपाशी राहिलो तर फारसे बिघडत नाही. गर्भवतीचे शरीर मात्र तेवढ्या वेळात चरबी जाळू लागते आणि रक्तात व लघवीत ‘कीटोन’ नावाची द्रव्ये दिसू लागतात. ती वाढणे बाळाच्या हिताचे नाही. पहाटेच्या वेळी साखर वाढवणारी संप्रेरके अधिक सक्रिय असतात, त्यामुळे सकाळी पिष्टमय अन्न सर्वांत कमी पचनी पडते. उपाशीपोटी नुसता गोड चहा आणि बिस्किटे म्हणूनच सर्वांत वाईट सुरुवात ठरते.

पुण्याजवळच्या सहा गावांतील धडा

‘हा श्रीमंतांचा, लठ्ठांचा रोग आहे, आमच्या राबणाऱ्या सुनेला कसा होईल?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून मिळाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सुमारे साडेतीन किलोंची. परंतु आपल्या या किरकोळ दिसणाऱ्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असल्याचे आढळले. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे हे भारतीय बाळ.

त्या मुलांचा मागोवा पुढेही घेतला गेला. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील जवळपास निम्मी वजनाने कमीच होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेच्या वर गेलेली होती. रोडपणा हे मधुमेहापासून संरक्षण नव्हे, आणि पुढच्या पिढीच्या आरोग्याचा पाया आईच्या पोटातच घातला जातो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती, हेही त्याच अभ्यासात दिसले. यांतील कोणतीही वस्तू परदेशातून आणावी लागत नाही. पातेल्यात शेवटी उरलेली भाजी सुनेच्या ताटात आधी पडली, तरी पुष्कळ काम होते.

तपासणी मागून घ्या

या विकाराची बहुधा काहीच लक्षणे नसतात, म्हणून तो तपासल्याशिवाय कळत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी भारतीय परिस्थितीला साजेशी सोपी पद्धत रूढ करण्यासाठी आयुष्य वेचले. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात गर्भावस्थेतील मधुमेहाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या आणि नंतर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. दूरच्या वस्तीवरून येणाऱ्या गर्भवतीला हे फार सोयीचे आहे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर गर्भावस्थेतील मधुमेह आहे असे समजून उपचार सुरू होतात.

ही तपासणी पहिल्याच भेटीत करावी. ती सामान्य आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. ‘एकदा चांगली आली होती’ म्हणून दुसरी टाळू नका, कारण वारेचा प्रभाव खरा वाढतो तो त्याच काळात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी जा, आशाताईंना बरोबर घ्या आणि ‘साखरेची तपासणी झाली का?’ हे स्वतः विचारा.

घड्याळाप्रमाणे ताट

आता प्रत्यक्ष दिवस कसा असावा ते सांगते. तीन मुख्य जेवणे आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी, म्हणजे जागेपणी साधारण अडीच-तीन तासांनी काहीतरी पोटात जावे. सकाळी उठल्यावर बिनसाखरेचे दूध किंवा साखर न घातलेला चहा आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे. आठच्या सुमारास न्याहारी : एखादे मेथीचे थालीपीठ आणि दही, किंवा अर्धी भाकरी आणि घट्ट पिठले. चालत असेल त्यांनी उकडलेले अंडे. साडेदहाला फुटाणे किंवा एक पेरू. एक वाजता जेवण : एक-दीड ज्वारीची भाकरी, वाटीभर दाट वरण किंवा मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी, ताक. चारला मोड आलेले मूग. साडेसात-आठला रात्रीचे जेवण, दुपारइतकेच. आणि झोपताना कपभर दूध, म्हणजे रात्रीचा खंड फार लांबत नाही.

ताटाचे माप लक्षात ठेवायला सोपे आहे. निम्मे ताट भाज्या आणि कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ-उसळीचे, पाव ताट भाकरी किंवा भाताचे. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात सावकाश चालावे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र त्यांना विचारून.

दोन गैरसमज दूर करते. पहिला ज्वारीचा. ज्वारी हे आपले उत्तम धान्य आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नावाशी जोडलेला, लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये आला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. पण भाकरीचीही पोटात साखरच होते. ज्वारी आहे म्हणून चार भाकरी चालतील असे नाही. दुसरा गैरसमज गुळाचा. गूळ म्हणजेही साखरच. तिळाची एक छोटी वडी सणापुरती ठीक, पण ‘गूळ नैसर्गिक असतो’ म्हणून डिंकाचे लाडू, शिरा आणि खजूर यांचा मारा गर्भवतीवर करू नका.

आणि उपवास. हा विषय श्रद्धेचा आहे, म्हणून मी तो जबाबदारीने बोलते. चतुर्थी, एकादशी, नवरात्र या दिवशी गर्भवती दिवसभर पोट रिकामे ठेवते आणि मग साबुदाण्याची खिचडी पोटभर खाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व. आधी उपासमार आणि नंतर साखरेची उसळी, असे दोन्ही अपाय एकाच दिवशी होतात. गर्भिणी, बालक, वृद्ध आणि रुग्ण यांना उपवासातून मोकळीक देण्याचा विवेक आपल्या परंपरेने केव्हाच दाखवला आहे. चरकसंहितेत गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. ते पात्र न हिंदकळता सांभाळून न्यायचे असते. ज्या घरात हे पात्र आहे त्या घराने नऊ महिने व्रत सासूबाईंनी किंवा पतीने करावे, सुनेने वेळेवर जेवावे. तिचे तेच व्रत.

सासूबाईंचा निर्णय

मी ज्या भगिनीची गोष्ट सांगत होते, तिला मी हेच सगळे समजावून पाठवले. पंधरा दिवसांनी ती परत आली. जेवणानंतरची साखर फारशी उतरलेली नव्हती आणि लघवीत कीटोन आले होते. वजन अर्धा किलो कमी. मी थोडी रागावलेच. मग हळूहळू उलगडा झाला. साखरेच्या धास्तीने तिने रात्रीचे जेवण जवळजवळ सोडले होते आणि दुपारी भूक अनावर होऊन ती पूर्वीपेक्षा अधिक खात होती. “मधे मधे खा म्हणता, पण घरात सगळे असताना मी एकटी कशी खाऊ?” असे तिने मलाच विचारले.

मला माझी चूक उमगली. मी वेळापत्रक जिला दिले होते, तिच्या हातात घड्याळच नव्हते. तिच्या जेवणाची वेळ ठरवत होती घराची रीत. मी बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना आत बोलावले आणि सगळे पुन्हा, शांतपणे त्यांना सांगितले. पहिल्या बाळाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “आमच्या घरात आजवर सून सासऱ्याच्या आधी जेवली न्हाई. आता जेवल. कोण काय म्हणतं ते मी बघून घेईन.”

त्या माउलीने शब्द पाळला. रात्री साडेसातला सुनेचे ताट सासऱ्यांच्या ताटाशेजारी मांडले जाऊ लागले. शेतात जाताना फडक्यात फुटाणे बांधून द्यायचे काम पतीने अंगावर घेतले. पुढच्या दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर ८८ आणि जेवणानंतर दोन तासांची ११४ आली. या दोन मर्यादा आपणही लक्षात ठेवा. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी १२० च्या आत.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर ऐकायला बरे वाटले असते. पण आठव्या महिन्यात वेळेवर जेवूनही तिची साखर चढू लागली आणि इन्सुलिन सुरू करावे लागले. हे मी मुद्दाम सांगते. दोन आठवडे आहार सांभाळूनही आकडे मर्यादेत आले नाहीत तर औषध किंवा इन्सुलिन घ्यावेच लागते. तो मातेचा दोष नसतो. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही आणि त्याची सवयही लागत नाही. मात्र इन्सुलिन घेणाऱ्या मातेने जेवणाची वेळ कधीही चुकवू नये, अन्यथा साखर एकदम खाली जाऊ शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेवढ्यापुरती तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी.

त्या भगिनीची प्रसूती रुग्णालयात सुखरूप झाली. मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅमची. पेढे मात्र सासूबाईंनी मला दिले आणि सुनेला हसून म्हणाल्या, “तुला एकच.”

बाळंतपणानंतरही

प्रसूतीनंतर बहुतेकींची साखर पूर्ववत होते आणि तपासणी विसरली जाते. कृपया तसे करू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करा आणि पुढे दरवर्षी एकदा. गर्भावस्थेत ज्यांना हा विकार झाला, त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या तुलनेत सात ते दहा पट असतो. बाळाला अंगावरचे दूध पाजणे, चालणे आणि वेळेवरचे जेवण यांनी तो लांबवता येतो. पुढच्या गर्भधारणेपूर्वीही तपासणी आवश्यक आहे.

माता-भगिनींनो, आपल्याकडे डोहाळेजेवण किती हौसेने करतात! फुलांची वाडी भरतात, पंचपक्वान्ने वाढतात, गाणी म्हणतात. त्या एका दिवशी गर्भवती सर्वांच्या आधी जेवते आणि सारे घर तिच्या ताटाकडे लक्ष देते. मी आपल्याकडे एवढेच मागते की पक्वान्ने एका दिवसाची राहू द्या, तो मान मात्र नऊ महिने द्या. रोज साडेसातला, पहिल्या पंगतीला, भाजीसकट. आणि मागे बसलेल्या बंधूंना विनंती, आज घरी गेल्यावर ‘तू जेवलीस का?’ असे नुसते विचारू नका. ताट मांडा आणि शेजारी बसवून घ्या.

तिळगूळ घेतलाच आहे. आता गोड बोलूया, आणि घरातल्या सुनेला वेळेवर जेवू घालूया.